चौदावी चाल

तारीख २३ जुलै १९७२, वार रविवार, संध्याकाळचे पाच. संध्याकाळ आपली म्हणायची. रेक्याविकमध्ये या दिवसांत रात्रीचे दहा वाजले तरी उजेड हटत नाही. तुम्ही लौगार्दाल्शोल नावाच्या क्रीडागृहात शिरताय. एरवी इथे हँडबॉलचे सामने होतात. सध्या मंचावर एक टेबल, दोन खुर्च्या, एक दुहेरी घड्याळ आणि वर प्रत्येक चाल दाखवणारा मोठा फलक एवढंच आहे. जेमतेम दोन लाख वस्तीचा आइसलँड त्या टेबलाभोवती गोळा झालाय आणि उरलेलं जग वर्तमानपत्रांत नि रेडिओवर त्याचीच बातमी शोधतंय.

मधल्या रांगेत जागा धरा. अगदी पुढे बसलात तर चॉकलेटचा कागद उलगडायचीही चोरी. रॉबर्ट जेम्स फिशर या माणसाला प्रेक्षकांचा खोकलासुद्धा खपत नाही. मोबाइल मागे ठेवून आलायत ना? छान. खिशातला खाचांचा छोटा प्रवासी पट तेवढा पुरे. निकाल तुम्हाला आधीच ठाऊक आहे, तो कुठल्याही पुस्तकात मिळतो. आपण आलोय ते चौदाव्या चालीसाठी. एक अट मात्र पाळायची. तुम्हाला भविष्य माहीत आहे, पण ओरडायचं नाही.

आधी हिशेब. सामना चोवीस डावांचा. जगज्जेता बोरिस स्पास्की, वय ३५. आव्हानवीर फिशर, वय २९. पहिला डाव फिशर हरला. बरोबरीत सुटणाऱ्या डावात त्याच्या उंटाने कोपऱ्यातलं प्यादं खाल्लं आणि तिथेच अडकला. दुसऱ्या डावाला तो कॅमेऱ्यांवरून भांडून आलाच नाही. ०–२. तिसरा डाव त्याच्या हट्टापायी मंचामागच्या एका खोलीत, प्रेक्षकांविना झाला आणि तो त्याने जिंकला. स्पास्कीविरुद्धचा त्याच्या आयुष्यातला हा पहिला विजय. चौथा बरोबरीत, पाचवा पुन्हा फिशरचा. म्हणजे आज अडीच–अडीच. त्या आधीच्या तक्रारी, पळवापळवी, पैसे दुप्पट करणारा लंडनचा धनिक, किसिंजरचा फोन वगैरे गोष्टी इतक्यांदा सांगून झाल्यात की मला त्यांचा कंटाळा आलाय. शिवाय त्यातलं काहीही पटावर दिसत नाही.

पांढरी मोहरी आज फिशरकडे. लांब हात पुढे येतो, प्यादं सरकतं, घड्याळाचं बटण दाबलं जातं. फलकावर चाल उमटते आणि सभागृहात एक कुजबुज पसरते. तुमच्या डावीकडचा अमेरिकन आपल्या वहीत जुन्या पद्धतीने ‘पी-क्यूबी४’ लिहितो. आपल्याकडच्या त्या काळातल्या खेळाडूंच्या वह्याही याच लिपीत भरलेल्या असत. उजवीकडचा आइसलँडर ‘सी४’ लिहून पेन्सिल कानावर ठेवतो. दोघंही एकमेकांकडे बघतात.

कुजबुज कशासाठी, हे नीट समजून घ्या. फिशर पांढऱ्या मोहऱ्यांनी राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकतो. शाळकरी वयापासून तेच टाकत आलाय. हीच चाल सर्वोत्तम आहे आणि ती खेळून खेळून सिद्ध झालीय, असं त्याने जाहीरपणे लिहिलंयसुद्धा. अपवाद बोटांवर मोजण्याइतके. साहजिकच सोव्हिएत गोटाने महिनोन्‌महिने तयारी केली ती त्या चालीविरुद्ध. येफिम गेलर, निकोलाय क्रोगिउस आणि एस्टोनियाचा इवो नेइ हे स्पास्कीचे तीन मदतनीस. यांतला क्रोगिउस पेशाने मानसशास्त्रज्ञही आहे. त्याच्या शास्त्रात आजच्या चालीची काय नोंद होती कोण जाणे.

आता तुमच्या पटावर मांडत चला. स्पास्की राजासमोरचं प्यादं एक घर पुढे घेतो. पांढरा घोडा एफ३वर. काळं प्यादं डी५वर. आणि तिसऱ्या चालीला फिशर वजिरासमोरचं प्यादं डी४वर आणतो. कुजबुज पुन्हा वाढते, कारण आता ही ‘क्वीन्स गॅम्बिट’ झाली: दिग्गजांनी शंभर वर्षं कुटलेली, संथ, जुनी, वजनदार सुरुवात. फिशरने स्वतः पांढऱ्याकडून ती कधी मनावर घेतलीच नव्हती. उलट स्पास्कीच्या ती अंगवळणी पडलेली. म्हणजे आव्हानवीर आपलं घर सोडून जगज्जेत्याच्या घरात शिरलाय.

चाली भराभर होतात. पांढरा उंट जी५वर येतो, काळा राजा किल्लेकोट करून कोपऱ्यात जातो, उंटाला एच६च्या प्याद्याने हटकलं जातं आणि सातव्या चालीला स्पास्की वजिराच्या बाजूचं प्यादं बी६वर ठेवतो. इथे थांबा. या एका प्याद्यात या पद्धतीचं सगळं इंगित आहे. क्वीन्स गॅम्बिट नाकारणाऱ्या काळ्याचं दुखणं कायमचं एकच: पांढऱ्या घरांवरून चालणारा त्याचा उंट. ई६वर स्वतःचंच प्यादं बसल्यामुळे त्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. बी६ करून ती वाट बाजूने काढायची, उंट बी७वर नेऊन लांबचा तिरका पट्टा धरायचा, ही कल्पना. पश्चिमेकडे या पद्धतीला सावेली टार्टाकोव्हरचं नाव आहे. सोव्हिएत पुस्तकांत त्याच्या जोडीला आणखी दोन नावं येतात: बाकूचा व्लादिमीर माकोगोनोव्ह आणि इगोर बोंडारेव्हस्की.

बोंडारेव्हस्की हे नाव लक्षात ठेवा. एकसष्ट सालानंतर स्पास्कीला घडवलं ते याच माणसाने. विस्कळीत, हुशार, जरा आळशी अशा तरुणाला त्याने शिस्त लावली आणि १९६९ साली जगज्जेतेपदापर्यंत आणून सोडलं. पण या सामन्याआधी दोघांचं बिनसलं. रेक्याविकमधल्या गोटात बोंडारेव्हस्की नाही. त्याच्या नावाची पद्धत तेवढी आज पटावर आलीय.

फिशर आठव्या चालीला डी५वर प्यादं मारतो आणि मग मारामारीची एक छोटी फैर झडते: प्यादं गेलं, उंटाने उंट गेला, घोड्याने घोडा गेला. धुरळा बसल्यावर डी५वर काळ्याचं स्वतःचं प्यादं उभं आहे. फिशरने काय केलं ते बघा. बी७वरून जो तिरका पट्टा काळ्याला हवा होता, त्याच्या मधोमध काळ्याचंच प्यादं आणून बसवलं. वाट काढली आणि लगेच बंदही झाली. म्हणून स्पास्कीचा उंट बी७चा नाद सोडून ई६वर येतो.

डावीकडचा अमेरिकन खुशीत आहे, पण त्याला एक गोष्ट आठवत नाहीये. हे सगळं फिशर पूर्वी खेळलाय, फक्त टेबलाच्या दुसऱ्या बाजूने. १९६२ साली स्टॉकहोमच्या इंटरझोनल स्पर्धेत युगोस्लाव्हियाच्या मारिओ बेर्टोकविरुद्ध काळी मोहरी त्याच्याकडे होती, पहिल्या दहा चालींनंतर पट नेमका असाच दिसत होता, आणि तो डाव फिशरने जिंकला. स्वतःच्या साठ निवडक डावांच्या पुस्तकात त्याने तो घेतलाय. मध्यभागी शेजारी शेजारी उभी, मागून कुठल्याही प्याद्याचा आधार नसलेली दोन काळी प्यादी कधी मुसंडी मारतात आणि कधी ओझं होऊन बसतात, हे त्याने काळ्याच्या खुर्चीत बसून शिकून घेतलं होतं. एखाद्या ओपनिंगचा अभ्यास करायचा तर ती आधी विरुद्ध बाजूने खेळावी, असं माझं मत आहे. क्लबातले खेळाडू नेमकं हेच करत नाहीत. मग प्रतिस्पर्ध्याला काय खुपतं हे त्यांना कळणार कसं?

अकरावी चाल: पांढरा हत्ती सी१वर, उघड्या स्तंभावर. बारावी: पांढरा वजीर ए४. काळं प्यादं सी५. तेरावी: वजीर ए३.

पटावर बोट ठेवा. ए३वरचा पांढरा वजीर, सी५वरचं काळं प्यादं आणि ई७वरचा काळा वजीर एकाच तिरक्या रेषेत आहेत. सी५चं प्यादं हललं की वजीर उघडा पडतो. प्यादं जखडलं गेलंय. स्पास्की त्याच्या पाठीशी हत्ती आणतो, सी८वर. इथवर सगळं पुस्तकात आहे, दोघांनाही पाठ आहे.

आणि आता चौदावी. फिशर उंट उचलतो आणि बी५वर नेऊन ठेवतो.

सभागृहातल्या निम्म्या लोकांना ही चाल खुळचट वाटते. एवढ्या लांब, शत्रूच्या प्याद्यांच्या तोंडी उंट कशाला? ए६ केलं की परत फिरावं लागेल. पण सोव्हिएत गोटातल्या एका माणसाला ही चाल ओळखीची आहे. १९७० साली सोव्हिएत संघातच सेम्यॉन फुर्मनने ती खेळली होती. फुर्मन म्हणजे पुढे कार्पोव्हला जगज्जेता करणारा प्रशिक्षक. आणि फुर्मनसमोर काळ्या मोहऱ्या घेऊन कोण बसलं होतं? येफिम गेलर. तोच गेलर जो आज स्पास्कीचा मदतनीस म्हणून या शहरात आलाय.

आता दृश्य पुरतं उलगडतं. फिशर रशियन भाषा शिकला ती मुख्यतः रशियन बुद्धिबळ मासिकं वाचण्यासाठी. अमेरिकेत त्याच्या तोडीचा सरावाचा जोडीदार नव्हता. मॉस्को, लेनिनग्राड आणि बाकूच्या खेळाडूंचे डाव कागदावरून वाचत त्याने ती उणीव भरून काढली. आज जगभरची वर्तमानपत्रं ‘एकटा अमेरिकन विरुद्ध सोव्हिएत यंत्रणा’ असे मथळे छापतायत. पटावर मात्र सोव्हिएत माणसांनी घडवलेली पद्धत आहे, तिच्यावर सोव्हिएत माणसाने शोधलेला तोडगा आहे, आणि तो वापरणारा ब्रुकलिनचा आहे. यंत्रणेचं काम यंत्रणेपेक्षा जास्त काळजीने वाचलं ते या एका वाचकाने, असं मला वाटतं.

या चालीला उत्तर आहे. तुम्हाला ते माहीत आहे: वजीर बी७. एका पावलात दोन कामं होतात. वजीर त्या तिरक्या रेषेतून बाजूला होतो, म्हणजे सी५चं प्यादं सुटलं; शिवाय बी५वरच्या उंटावर हल्ला झाला. आणि पांढऱ्याचा राजा अजून मध्यभागी उघड्यावर उभा आहे, किल्लेकोट झालेला नाही, हे विसरू नका. गेलरने हे उत्तर आधीच शोधून ठेवलं होतं आणि स्पास्कीला सांगितलंही होतं, असं बुद्धिबळाच्या वर्तुळात नंतर बोललं जाऊ लागलं. ते कितपत खरं, यावर वाद घाला. मला त्यात अशक्य काही वाटत नाही. फिशरकडून क्वीन्स गॅम्बिट येईल असं कुणालाच वाटत नसताना तिच्या एका उपशाखेतली चौदावी चाल डोक्याच्या कुठल्या कोपऱ्यात पडून राहणार?

बघा, स्पास्की विचार करतोय. देखणा, शांत, पाठ ताठ. त्याच्या चेहऱ्यावरून काही वाचता येत नाही, त्याची ख्यातीच तशी आहे. तुमच्या ओठांवर वजीर आलाय. गप्प बसा.

स्पास्की ए६ करतो.

उंटाला मारता येतं का? नाही. ए६चं प्यादं बी५वर गेलं की ए स्तंभ उघडतो आणि पांढरा वजीर थेट ए८वरचा हत्ती खातो. उंट तिथे सुखाने बसून राहतो. फिशर मध्ये सी५वर प्यादं मारून घेतो, काळा बी प्याद्याने परत मारतो, पांढरा किल्लेकोट करतो. स्पास्की हत्ती ए७वर सरकवून अखेर धमकी खरी करतो तेव्हा उंट शांतपणे ई२वर परततो. उंटाने जाऊन यायला दोन चाली घालवल्या, असं आइसलँडर पुटपुटतो. घालवल्या खऱ्या. पण तेवढ्यात काळ्याचा घोडा बी८वरून हललेला नाही, हत्ती ए७सारख्या विचित्र घरात जाऊन बसलाय, आणि सी५–डी५ ही जोडी मागच्या आधाराशिवाय उघड्यावर आलीय. बेर्टोकविरुद्ध याच जोडीने फिशरला जिंकून दिलं होतं. आज तिच्यामागे उभं राहायला काळ्याची मोहरी जागेवर नाहीत.

अठराव्या चालीला पांढरा घोडा डी४वर उडी घेतो, सरळ सी५च्या प्याद्यासमोर. प्यादं त्याला मारू शकत नाही. ते अजून जखडलेलंच आहे. तेरा ते अठरा या चाली पुन्हा एकदा मांडून बघा. एका तिरक्या रेषेवर फिशरने किती कामं उरकली! पुढच्या चालीत घोड्याने ई६चा उंट खाल्ला. ज्या उंटासाठी काळ्याने ही सगळी सुरुवात निवडली, तो उंट संपला.

विसाव्या चालीला फिशर राजासमोरचं प्यादं ई४वर फेकतो. ते प्यादं शेवटी आलंच, विसाव्या चालीला का होईना. स्पास्कीपुढे तीन मार्ग: मारायचं, डी५ला धरून ठेवत सी प्यादं पुढे काढायचं, किंवा डी प्यादं पुढे ढकलायचं. तो डी४ करतो. माझ्या मते इथे डाव खऱ्या अर्थाने कलंडला. नंतरच्या बहुतेक समीक्षकांनी सी४ची शिफारस केली. डी४मुळे सी४चं घर पांढऱ्या उंटाला बक्षीस मिळतं आणि ई६चं प्यादं पोरकं होतं. चौदाव्या चालीला वजीर सापडला नाही हे समजू शकतं, तो तयारीचा भाग. विसाव्या चालीचा निर्णय मात्र पटासमोर बसून घ्यायचा असतो, आणि स्पास्कीसारख्याने तो असा घ्यावा, याचं उत्तर पटावर मिळत नाही. तीन डावांत दोनदा हरल्यावर माणूस प्यादी घाईने पुढे ढकलून मोकळा होऊ बघतो, एवढं क्लबात खेळलेला कुणीही सांगेल.

पुढचं मी पटापट सांगतो, कारण इथून फिशर फार घाई करत नाही आणि स्पास्कीला फार काही करता येत नाही. एफ४, ई५. काळ्या घोड्याला डी७वरून चांगली जागाच उरत नाही. उंट सी४वर येऊन बसतो. वजीर ए३वरून एच३वर, पटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग एफ५ने दार फोडलं जातं, दोन हत्ती एफ स्तंभावर एकामागे एक उभे राहतात, आणि एकतिसाव्या चालीला ई प्यादं ई६वर पोचतं.

आता फलकाकडे बघा. अमेरिकनने लिहायचं थांबवलंय. स्पास्कीचा वजीर ई८वर. मग डी८वर. मग ई८वर. मग डी८वर. मग पुन्हा ई८वर. जगज्जेत्याला हलवण्यासारखं दुसरं काहीच उरलेलं नाही. पाच चाली या येरझाऱ्या चालल्यात आणि समोर फिशर ए प्यादं नीट करतो, मागचा हत्ती एक घर वर घेतो, आणखी एक घर वर घेतो, उंट डी३वर वळवतो. घड्याळात चाळीस चालींना अडीच तास. सगळे जण कुठल्या तरी भडक बलिदानाची वाट बघतायत आणि हा माणूस झाडून-पुसून घेतोय. या डावातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच. कुणी तो पुस्तकात फारसा समजावून सांगत नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही घडत नाही.

सदतिसाव्या चालीला पांढरा वजीर ई४वर. धमकी मोजा: हत्ती एफ८वर शह, घोड्याने मारला, दुसऱ्या हत्तीने मारून पुन्हा शह, काळ्या वजिराला मारावंच लागतं, आणि मग पांढरा वजीर एच७वर मात. स्पास्की घोडा एफ६वर आणून रेषा बंद करतो. फिशर हत्तीने तो घोडा खातो, जी प्यादं तो हत्ती मारतं, दुसरा हत्ती ते प्यादं खातो. काळा राजा उघडा. एक्केचाळिसाव्या चालीला वजीर एफ४वर येतो आणि स्पास्की डाव सोडतो.

टाळ्यांचा गजर होतो. तुम्हीही वाजवा, आता परवानगी आहे. मंचावर बघा: स्पास्कीही टाळ्या वाजवतोय. जगज्जेता आपल्याला हरवणाऱ्या डावाला प्रेक्षकांबरोबर दाद देतोय. फिशरला हे अपेक्षित नव्हतं. तो घाईने निघून जातो आणि नंतर आपल्या माणसांना हे नवलाने सांगतो. साडेतीन–अडीच. सामन्यात तो पहिल्यांदाच पुढे गेलाय. १ सप्टेंबरला साडेबारा–साडेआठने तो जगज्जेता होईल आणि त्यानंतर वीस वर्षं एकही अधिकृत डाव खेळणार नाही, हे उजवीकडच्या आइसलँडरला सांगू नका.

लगेच परतू नका. एक वर्ष पुढे, नेदरलँड्समधल्या हिल्व्हरसम गावी एक थांबा घ्यायचाय. १९७३. पांढऱ्या मोहऱ्यांमागे एकवीस वर्षांचा यान टिमन, काळ्यांमागे ओडेसाचा येफिम गेलर. टिमन रेक्याविकचा सहावा डाव चालीमागून चाल मांडतोय. उंट बी५. आणि गेलर वजीर उचलून बी७वर ठेवतो.

टिमन मोहात पडतो. सी५वर प्यादं मारतो, मग हत्तीने दुसरं प्यादं खातो, हत्तींची बदली होते आणि पांढरा वजीर सी५वर ऐटीत बसतो, एक प्यादं जास्त. सतराव्या चालीला गेलर घोडा ए६वर टाकतो. घोड्याला उंटाने मारलं, उंटाला वजिराने मारलं, आणि ए६वरून एफ१पर्यंतच्या तिरक्या रेषेमुळे पांढऱ्या राजाचा किल्लेकोट बंद झाला. राजा मध्यभागी, हत्ती कोपऱ्यात, आणि काळी मोहरी मोकळी. गेलर तो डाव जिंकतो.

तुमचा छोटा पट अजून हातात असेल, तर तेराव्या चालीनंतरची स्थिती मांडा, पांढरा उंट बी५वर ठेवा आणि वजीर बी७ स्वतः खेळून बघा. पण प्यादं गेल्यावर घोडा ए६ सुचल्याशिवाय त्या वजिराच्या चालीवर खूश होऊ नका. नुसतं पाठ करून गेलात तर सोळाव्या चालीला तुमच्याकडे एक प्यादं कमी असेल आणि ते का कमी आहे हे सांगता यायचं नाही.